धर्मादायाची खतावणी

कुठल्याही मोठ्या धर्मादाय रुग्णालयात शिरलात, की दाराशीच देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी दिसते. कुणी आईच्या स्मरणार्थ एक खोली दिलेली असते, कुणी वडिलांच्या नावानं शस्त्रक्रियेचं दालन, तर कुणी नुसता पाण्याचा कूलर. मला या पाट्या वाचायची सवय आहे. कादंबरीतल्या पात्रांना नावं शोधायची तर याहून चांगली जागा नाही. पण आजवर वाचलेल्या एकाही पाटीवर मला सगळ्यात मोठ्या देणगीदाराचं नाव सापडलेलं नाही. ज्या जमिनीवर ती इमारत उभी असते, ती बरेचदा सरकारनं नाममात्र भाड्यानं दिलेली असते. वरचे एक-दोन मजले जादा चटई क्षेत्राच्या सवलतीतून चढलेले असतात. न्यासाला आयकरात सूट असते, आणि देणगी देणाऱ्यालाही वजावट मिळते. यातला एकही रुपया रोखीनं दिलेला नाही म्हणून तो पाटीवर येत नाही. पण तो तुमच्या-माझ्या खिशातलाच असतो.

मी आयुष्याची पस्तीस वर्षं बँकेत काढली. तिथे पहिल्याच महिन्यात एक गोष्ट अंगवळणी पडते: दिलेले पैसे आणि सोडून दिलेलं येणं यांत हिशेबाच्या दृष्टीनं काही फरक नाही. ग्राहकाला लाख रुपये दिले काय आणि त्याचं लाखाचं व्याज माफ केलं काय, बँकेच्या नफ्यातून लाखच जातात. सरकारच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो. आरोग्यावर सरकार किती खर्च करतं, याची चर्चा अर्थसंकल्पाच्या आकड्यांवरून होते. खासगी न्यासांच्या रुग्णालयांना जमिनीच्या, चटई क्षेत्राच्या आणि करांच्या रूपानं जे दिलं गेलं, ते त्या आकड्यांत कुठेच नसतं.

आपल्या राज्यात यासाठी कायदा नाही, असं मात्र नाही. कायदा आहे, आणि चांगला आहे. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम (आता त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आलं आहे) हा मुळात देवस्थानं, शाळा, धर्मशाळा अशा सगळ्या न्यासांचा कायदा. त्यात १९८५ साली विधिमंडळानं ‘४१ एए’ हे कलम घातलं. त्याचा मथितार्थ साधा आहे. ज्या न्यासाच्या रुग्णालयानं सरकारकडून जमीन, सवलत, सूट किंवा अशी काही मदत घेतली आहे, त्याला दहा टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायला सांगण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना मिळाला. म्हणजे शंभरातल्या वीस.

पुढे एकवीस वर्षं हे कलम पुस्तकात शांत झोपून होतं म्हटलं तरी चालेल. खाटा राखीव ठेवा, असं कायदा म्हणत होता. पण मोफत म्हणजे काय काय मोफत, औषधांचे पैसे कोण देणार, गरीब कुणाला म्हणायचं, हिशेब कुणी कुणाला दाखवायचा, यांची उत्तरं व्यवहारात कुणी बांधून दिली नव्हती. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली, आणि न्यायालयानं ऑगस्ट २००६ मध्ये एक सविस्तर योजनाच मंजूर केली. ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. आज राज्यातली चारशेहून अधिक धर्मादाय रुग्णालयं या योजनेनं बांधलेली आहेत.

ही योजना प्रत्येक कुटुंबप्रमुखानं एकदा तरी समजून घ्यावी, म्हणून थोडं तपशिलात शिरतो. योजनेनुसार प्रत्येक रुग्णालयानं ‘निर्धन रुग्ण निधी’ नावाचं वेगळं खातं उघडायचं आणि निर्धन व दुर्बल घटक सोडून बाकी सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम, कुठलीही वजावट न करता, त्यात टाकायची. निर्धन रुग्णाला खाट, परिचारिकांची सेवा, निवासी डॉक्टर, नेहमीच्या तपासण्या, अंथरूण-पांघरूण, पाणी, वीज हे सगळं मोफत. औषधं, वापरून टाकायचं साहित्य आणि शरीरात बसवायची उपकरणं यांचा खर्च खरेदीच्या किमतीनं त्या निधीतून वळता करायचा. दुर्बल घटकातल्या रुग्णानं औषध-साहित्याच्या बिलाचा किमान निम्मा भाग स्वतः द्यायचा. आणि तातडीच्या वेळी रुग्ण आला, तर अनामत न मागता त्याला दाखल करून त्याची प्रकृती स्थिरावेपर्यंतचे जीवरक्षक उपचार करायचे.

दोन टक्क्यांची ही कल्पना मला बँकवाला म्हणून फार आवडते, कारण खाट ही रुग्णालयातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. ‘खाट मोफत’ म्हणून सांगायचं आणि मग औषधं, सुया, नळ्या, झडपा, सांधे यांची यादी नातेवाइकाच्या हातात ठेवायची, हा प्रकार अनेक घरांनी अनुभवलेला आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटच्या किमतीवर केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, तेव्हा औषधवेष्टित स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये ठरली. मजुरी करणाऱ्याच्या घरी हा आकडा खाटेच्या भाड्याच्या कितीतरी पुढचा. न्यायालयानं हे ओळखलं आणि नुसत्या खाटांच्या टक्केवारीमागे पैशांचा झरा उभा केला. शंभर कोटींची बिलं करणाऱ्या रुग्णालयात वर्षाला दोन कोटी रुपये या खात्यात आले पाहिजेत. ही रक्कम लहान नाही.

मग अडतं कुठे? ते मी बँकेच्या काउंटरवरून पाहिलं.

सोनेतारण कर्जाचा काउंटर हा कुठल्याही शाखेतला सगळ्यात खरा काउंटर. घर बांधायला, गाडी घ्यायला कर्ज मागणारा माणूस इस्त्रीचे कपडे घालून येतो. सोनं घेऊन येणारा मात्र जसा असेल तसा येतो, कारण त्याच्याकडे वेळ नसतो. तालुक्याच्या गावच्या एका शाखेत मी व्यवस्थापक होतो तेव्हा एक बाई रुमालात चार पाटल्या बांधून आल्या. नवऱ्याला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात दाखल करायचं होतं. रुग्णालयाचं नाव ऐकलं आणि मी विचारलं, “मावशी, तिथे गरिबांसाठी खाटा राखून ठेवलेल्या असतात. विचारलंत का तुम्ही?”

“इच्यारलं की साहेब,” त्या म्हणाल्या. “दाखला आना म्हनले. तलाठ्याकडं गेले तर तलाठी गावात न्हाई. त्यो आला की तहसीलात जायचं. तवर मानूस ऱ्हायल का?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सराफ आले. त्यांनी पाटल्या घासल्या, मिलिग्रॅमपर्यंत तोलल्या, लाख आणि घाण वजा केली, त्या दिवशीचा भाव लावला. मावशींनी चार ठिकाणी अंगठा दिला. पावतीवर वजन, किंमत, व्याजाचा दर, परतफेडीची तारीख, न फेडल्यास लिलावाची सूचना, सगळं छापलेलं. त्यांना वाचता येत नव्हतं तरी ते मी वाचून दाखवलं, कारण तसा नियम होता.

चार पाटल्यांसाठी एवढं. आणि शहराच्या मध्यवर्ती भागातली एकरभर जमीन एखाद्या न्यासाला दिली जाते तेव्हा? जमीन महसूल संहितेखाली सरकारला अटींवर जमीन देता येते, आणि अटी लिहिल्याही जातात. पण त्या जमिनीची बाजारभावानं किंमत किती, प्रत्यक्षात घेतलं किती, मधला फरक म्हणजे जनतेनं न्यासाला दिलेली रक्कम किती, आणि तिच्या बदल्यात दर वर्षी किती रुपयांची सेवा गरिबांना परत मिळाली, याचा उतारा सामान्य माणसाला कुठल्याही खिडकीवर मिळत नाही. कर्ज आहे, पण कर्जखातं नाही. हप्ता आहे, पण मुद्दल किती ते कुणी सांगत नाही. शिल्लक कळत नसेल, तर थकबाकीदार कोण आणि नियमित फेडणारा कोण, हे ठरवायचं कशावरून?

मला तर वाटतं, ‘धर्मादाय’ या शब्दानंच घोटाळा केला आहे. धर्मादाय म्हटलं की देणारा मोठा आणि घेणारा मिंधा. राखीव खाटेवरचा रुग्ण म्हणूनच हात जोडून उभा राहतो आणि खिडकीपलीकडचा कारकून उपकार केल्यासारखं बोलतो. वास्तविक त्या खाटेचं भाडं त्या रुग्णाच्या वतीनं आगाऊ भरलेलं आहे, जमिनीच्या रूपानं. तो घ्यायला आलेला नाही, वसुलीला आला आहे.

पूर्वीचे दाते याबाबत फार चोख होते. जमशेटजी जीजीभाईंनी मुंबईच्या रुग्णालयासाठी लाख रुपये देऊ केले ते सरकारनंही तेवढेच घालावेत या बोलीवर. त्यातून १८४५ साली जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. के. ई. एम. रुग्णालयाला जोडलेलं गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झालं, त्या देणगीमागची अट तर आणखी कडक होती: शिकवणारे सगळे भारतीय हवेत. परकीय राज्यात, वैद्यकीय सेवेवर गोऱ्यांची पकड असताना ही अट घातली गेली आणि ती पाळलीही गेली. खासगी दात्याला आपल्या पैशाची अट पाळून घेता आली. सरकार नावाच्या दात्याला, म्हणजे आपल्याला, ते का जमू नये?

न जमल्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण दिल्लीच्या कागदपत्रांत आहे. १९८८ साली केंद्र सरकारनं परदेशी वैद्यकीय यंत्रांवरचं सीमाशुल्क माफ केलं. अट अशी की रुग्णालयानं बाह्यरुग्ण विभागातल्या किमान चाळीस टक्के रुग्णांना मोफत तपासावं, आणि दरमहा पाचशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या रुग्णांसाठी दहा टक्के खाटा मोफत ठेवाव्यात. देशभरातल्या रुग्णालयांनी यंत्रं आणली. नाक्या-नाक्यावर स्कॅनिंगची केंद्रं निघाली, ती याच काळात. पण अट पाळली जाते का, हे पाहायची यंत्रणा सवलतीबरोबर आली नाही. १९९४ साली सवलत बंद झाली. पुढे मेडिवेल रुग्णालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ही अट एकदाची नाही, कायमची आहे आणि अधिकाऱ्यांनी ती पाळून घेतली पाहिजे. शुल्कमाफीची फाईल एका खात्यात, रुग्णालयाची तपासणी दुसऱ्या खात्यात, आणि गरीब रुग्ण कुठल्याच खात्यात नाही. आमच्याकडे याला ‘मंजुरीनंतरची देखरेख’ म्हणत. कर्ज बुडतं ते बहुतेक वेळा मंजुरीत चूक झाली म्हणून नव्हे, देखरेख झाली नाही म्हणून.

दिल्लीतच दुसरी लढाई जमिनीवरून झाली. सवलतीच्या दरानं भूखंड घेतलेल्या रुग्णालयांनी दाखल रुग्णांत दहा टक्के आणि बाह्यरुग्णांत पंचवीस टक्के गरिबांना मोफत उपचार द्यावेत, असा निकाल तिथल्या उच्च न्यायालयानं २००७ साली दिला. काही रुग्णालयांनी, आमच्या भाडेपट्ट्यात अशी अट नव्हतीच, असा युक्तिवाद पुढेही चालवला. अखेर २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी जमीन घेतली आहे, तर हे बंधन पाळावंच लागेल. अकरा वर्षं गेली. त्या अकरा वर्षांत किती जण दारातून परतले, ते मोजता येण्यासारखं नाही.

आता रुग्णालयांची बाजूही ऐकली पाहिजे. एकांगी बोलून लोकांना बरं वाटेल, पण ते खरं होणार नाही. दोन टक्क्यांचा नियम महानगरातल्या पंचतारांकित रुग्णालयाला आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या साध्या न्यास-रुग्णालयाला सारखाच लागू आहे. पहिल्याची बिलं मोठी, म्हणून निधी मोठा. पण त्याच्या दारापर्यंत गरीब माणूस पोचतच नाही, त्याला काचेच्या दरवाज्याचीच भीती वाटते. दुसऱ्याची बिलं लहान, निधी चिमूटभर, आणि दारात रांग. असं एक लहान रुग्णालय चालवणारे माझ्या परिचयाचे डॉक्टर म्हणाले होते, “आमचं खातं ऑगस्टमध्येच रिकामं होतं. पुढचे सात महिने आम्ही आमच्या जिवावर काढतो, आणि तपासणीला येणारा अधिकारी मात्र पाटी कुठे लावली आहे तेच बघतो.” त्यांचा वैताग खोटा नव्हता. अशा रुग्णालयांना श्रीमंत रुग्णालयांच्या न वापरलेल्या निधीतून काही मिळावं, असा विचार का होऊ नये? बँका रोज एकमेकींच्या शिलकेवर उसनवारी करतात. त्यात अशक्य असं काही नाही.

उत्पन्नाच्या मर्यादेचा मुद्दाही असाच. २००६ साली निर्धन म्हणजे वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत आणि दुर्बल म्हणजे ५०,००० पर्यंत, असं ठरलं होतं. २५,००० वर्षाला म्हणजे दिवसाला सत्तर रुपयेही नाहीत. पुढे या मर्यादा वाढत जाऊन १,८०,००० आणि ३,६०,००० झाल्या. आता त्यात पुष्कळ घरं बसतात: दुकानात काम करणारा, रिक्षा चालवणारा, दोन घरची धुणीभांडी करणारी. वाचकांपैकीही काही जण बसत असतील. त्यांना ते माहीत नसतं, आणि मध्यमवर्गीय संकोचापायी विचारलंही जात नाही. मावशींनी निदान विचारलं तरी होतं.

सरकारही यात निव्वळ पंच नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चावी, असं म्हटलं. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही गेला नाही. त्याऐवजी विम्याचा मार्ग धरला. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नाव बदलून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. तिची मर्यादा कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांवर गेली आणि पिवळ्या-केशरीच नव्हे, सगळ्याच शिधापत्रिकाधारकांसाठी ती खुली झाली. हे चांगलंच झालं. पण इथेही खतावणीचा प्रश्न उभा राहतो. विमा योजनेतून ज्या रुग्णाचे पैसे सरकार रुग्णालयाला देतं, तोच रुग्ण राखीव खाटेवर मोफत उपचार घेतलेला म्हणून दाखवता येऊ नये. एकच नोंद दोन खात्यांत जमा दाखवली, तर बँकेत त्याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

२०२५ च्या मार्चअखेर पुण्यात जे घडलं ते सगळ्यांनी वाचलं आहे. एका गर्भवती महिलेला मोठ्या धर्मादाय रुग्णालयात नेलं असता दहा लाखांची अनामत मागितली गेली, असा आरोप तिच्या नातेवाइकांनी केला. तिला दुसरीकडे न्यावं लागलं, जुळ्या मुली झाल्या आणि ती गेली. चौकशा झाल्या, मोर्चे निघाले, काचा फुटल्या. त्यातल्या दोषाचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. मला खटकली ती पुढची बातमी. तातडीच्या रुग्णांकडून यापुढे अनामत घेणार नाही, असं त्या रुग्णालयानं जाहीर केलं, आणि ती सुधारणा म्हणून छापून आली. उच्च न्यायालयाच्या योजनेत हे अठरा वर्षांपासून लिहिलेलं होतं. ते ना बातमी देणाऱ्याला ठाऊक, ना वाचणाऱ्याला. उरलेल्या रुग्णालयांत ते किती जणांना ठाऊक आहे?

माझ्या मागण्या साध्या आहेत, निवृत्त बँक अधिकाऱ्याला शोभतील अशा. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाला आजवर मिळालेल्या जमिनीचं, जादा चटई क्षेत्राचं आणि करसवलतींचं मूल्यांकन करा. दर पाच वर्षांनी ते पुन्हा करा, कारण जमीन स्वस्थ बसत नाही. निर्धन रुग्ण निधीत किती आले, किती खर्च झाले, किती शिल्लक, हे महिन्याच्या महिन्याला छापा आणि देणगीदारांच्या पाटीशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लावा. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे देवळांच्या दानपेट्यांपासून शाळांच्या भांडणांपर्यंत लाखो न्यासांचा पसारा आहे. रुग्णालयांसाठी त्यांना हिशेब तपासणारी आणि वैद्यक समजणारी स्वतंत्र माणसं द्या. आणि दाखल्याचं ओझं रुग्णाच्या डोक्यावरून काढा. शिधापत्रिका सरकारनंच दिलेली आहे, तिचा क्रमांक संगणकात आहे. तो पाहून निर्णय व्हायला तलाठी गावात असण्याची गरज पडू नये.

तोवर, रविवारच्या चहाबरोबर हे वाचणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. घरात कुणी धर्मादाय रुग्णालयात दाखल होत असेल आणि उत्पन्न वर सांगितलेल्या मर्यादेत असेल, तर बिलाच्या खिडकीवर वेळ घालवू नका. आधी वैद्यकीय समाजसेवकाची खोली विचारा. शिधापत्रिका आणि मिळाला असेल तर उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा. राखीव खाटा भरल्या आहेत असं उत्तर आलं, तर आज त्यांवर किती रुग्ण आहेत हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा. तेही मिळालं नाही, तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज द्या आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.